बरणीतली संध्याकाळ

मावळतकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथंच ते सुखात होतं. तारांगणाच्या तिकीट खिडकीवरचा माणूस तीस वर्षांपूर्वी एकदा गमतीनं म्हणाला, "मावळतकर आले, आता सूर्याची काही धडगत नाही," आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. तसं त्यात खोटं काही नव्हतं. रोज दोनदा, दुपारी बाराला आणि चारला, या माणसाच्या हुकमाशिवाय सूर्य मावळत नसे.

लोक घुमटाखाली बसले, दारं लागली, की घुमटाच्या कडेनं खोबणीत दडवलेले साठ दिवे पांढराशुभ्र दिवस करून उभे असत. मागे उंचावर एक छोटी केबिन होती. तिथल्या टेबलावर बरणीच्या झाकणाएवढं एक काळं गोल बटण होतं. मावळतकर त्यावर तळहात ठेवायचे आणि उलट्या दिशेनं फिरवू लागायचे. फिरवायचे म्हणजे काय, फिरतंय हे बटणालासुद्धा कळू द्यायचे नाहीत. पूर्ण अकरा मिनिटं. बोलणारी माणसं हळूहळू कुजबुजायला लागायची, कुजबुजणारी गप्प व्हायची, आणि मग कुठून तरी एक लांब श्वास यायचा. तो श्वास आला की मावळतकर पहिला तारा लावायचे.

आधीच्या एका साहेबांनी विचारलं होतं, "अकरा मिनिटं कशाला घालवता? लोक तारे बघायला येतात, संध्याकाळ बघायला नाही."

"साहेब, अंधार एकदम केला तर त्याला लोक अंधार म्हणत नाहीत," मावळतकर म्हणाले होते, "वीज गेली म्हणतात."

साहेब गप्प बसले. साहेबांना गप्प बसवायची ही मावळतकरांची आयुष्यातली पहिली आणि शेवटची वेळ.

लग्नसुद्धा त्यांना या संध्याकाळीनंच मिळवून दिलं. गावाबाहेरच्या रेझिस्टरच्या कारखान्यातल्या बायकांची एकदा सहल आली होती. रेझिस्टर म्हणजे तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा तुकडा, दोन्ही टोकांना तार आणि अंगावर रंगीत पट्टे. विजेच्या वाटेत तो आडवा बसतो, आणि तिला किती अडवायचं ते त्या पट्ट्यांच्या रंगांत लिहिलेलं असतं. खेळ संपला, दिवे लागले, बायका एकमेकींना हाका मारत बाहेर पडल्या. एकजण बसूनच राहिली. मग केबिनचा जिना चढून आली आणि दारातूनच म्हणाली, "संध्याकाळ कोण करतं हो?"

"मी," मावळतकर म्हणाले.

"मधे एकदा हात अडला का तुमचा? साधारण अर्ध्यावर?"

अडला होता. शिंक आली होती. घुमटाखाली दीडशे माणसं होती आणि कुणाच्या बापाला कळलं नव्हतं. अशी नजर बाहेर मोकळी सोडणं धोक्याचं होतं म्हणून मी लग्न केलं, असं मावळतकर पुढे सगळ्यांना सांगत.

तिला कारखान्यात मीटर म्हणत, लग्नानंतर मीटरबाई म्हणू लागले. काम, माल निवडायचं. भट्टीतून निघालेल्या मालाचा एकेक तुकडा तारेला धरून मोजायचा, पट्ट्यांनी सांगितलेल्या आकड्याच्या जवळ असेल तर पास, नाही तर नापास. तुकडा अंगाला धरायचा नाही, कारण बोटांच्या उबेनंसुद्धा आकडा सरकतो. एकतीस वर्षं हेच. पुढे पुढे म्हणे त्या मीटरचा काटा हलायच्या आधीच सांगायच्या. नापास माल भंगारात जायचा. त्यातले मूठ मूठ तुकडे मीटरबाई घरी आणत, लेकीला खेळायला. लेक त्यांच्या माळा करायची, बाहुल्यांना पट्टेवाली मुलं करून द्यायची. लेक मोठी झाली, नोकरीला दूर गेली, कारखानाही बंद पडला, पण स्वयंपाकघराच्या खिडकीत ती बरणी राहिली. काठोकाठ भरलेली, उन्हात रंगीत दिसणारी.

मीटरबाईंची पहिली पाळी दुपारी तीनला सुटायची. तिथून त्या थेट तारांगणात येत. तिसरी रांग, कडेची खुर्ची. चारच्या खेळाला रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा तरी. तिकीटवाला पैसे घ्यायचा नाही आणि त्या दिल्याशिवाय राहायच्या नाहीत, म्हणून दर वेळी खिडकीपाशी छोटंसं भांडण व्हायचं. केबिनच्या काचेतून मावळतकरांना त्यांचं डोकं दिसे, आणि शेजारच्या खुर्चीवर त्यांनी ठेवलेली पर्स दिसे. ही पर्स मावळतकरांच्या डोळ्यांत खुपायची. एकदा घरी येताना ते बोललेही, "अगं, पर्स मांडीवर घ्यावी. लोकांना जागा लागते."

"बरं," त्या म्हणाल्या. आणि पर्स खुर्चीवरच ठेवत राहिल्या. मावळतकरांनीही मग ते कानामागे टाकलं. पंचवीस वर्षांच्या संसारात माणूस बायकोच्या किती गोष्टींचा पाठपुरावा करणार?

असं सगळं चाललं होतं, आणि मग मावळतकरांचा उजवा हात हलू लागला.

आधी फक्त चहाच्या कपाला कळलं. मग सहीला. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हे आता तुमच्या सोबतीला राहणार. मावळतकरांना जिवाची काळजी नव्हतीच. त्या काळ्या बटणावर हात ठेवला की घुमटभर उजेड थरथरायचा. दिवस मावळतोय की आजारी पडलाय कळेना. त्यांनी डाव्या हातानं करून पाहिलं. डाव्या हातानं संध्याकाळ होत नाही, दिवा मंद होतो. यातला फरक ज्याला कळत नाही त्याला तो सांगून उपयोग नाही.

मॅनेजर बाईंना तो कळत होता, हीच तर पंचाईत. त्या तरुण होत्या, हुशार होत्या, आणि मावळतकरांशी बोलताना खुर्चीतून उठून बोलत. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोन महिन्यांनी निवृत्त होताय. तुमच्यानंतर मी कुणाचा हात आणू? एक कंपनी मावळतीचं चित्र घुमटावर टाकून देते. सुंदर आहे, ढगबिग आहेत. मग हे दिवे काढून टाकू."

"ढग?" मावळतकर म्हणाले.

"आणि पक्षी."

मावळतकरांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांना राग आला नव्हता, त्याहून वाईट झालं होतं, त्यांना रडू येत होतं. तीस वर्षांत त्यांनी पगारवाढीसाठी कधी तोंड उघडलं नाही, त्या दिवशी उघडलं. "मला थोडा वेळ द्या. माझा हात नको असला तरी संध्याकाळ इथंच राहील, असं काहीतरी करतो."

"काय कराल?"

"ते अजून माहीत नाही," ते म्हणाले. खोटं बोलायची सवय नसली की माणसाची अशी फजिती होते.

लेकीनं पार्सलनं एक मायक्रोकंट्रोलर पाठवला, म्हणजे एवढासा संगणकच. काडेपेटीएवढी पट्टी, तिला पाय. फोनवर ती म्हणाली, "बाबा, याला सांगितलेलं सगळं लक्षात राहतं. पण एक अडचण आहे. याला दोनच शब्द येतात. आहे आणि नाही. एकतर पाच व्होल्ट, नाही तर शून्य. मधलं काही नाही."

"मग हा संध्याकाळ कसली करणार?" मावळतकर म्हणाले. "संध्याकाळ म्हणजे सगळं मधलंच."

मधलं कसं काढायचं ते मात्र त्यांना ठाऊक होतं. तरुणपणी एका जुन्या यंत्रात त्यांनी रेझिस्टरची शिडी पाहिली होती. पट्टीचे आठ पाय घ्यायचे आणि ते शिडीच्या आठ पायऱ्यांना जोडायचे. शिडीला दोनच मापांचे रेझिस्टर लागतात, एक माप आणि त्याच्या बरोबर दुप्पट. बस्स. मीटरबाईंना त्यांनी ते दुधाच्या पातेल्यावर समजावलं. आठ भावंडं आहेत. थोरल्याला अर्धं पातेलं, दुसऱ्याला त्याच्या अर्धं, तिसऱ्याला त्याच्याही अर्धं, असं करत शेंडेफळाच्या वाट्याला वाटीच्या तळाशी राहतं तेवढं. आता यातल्या कुणाला बोलवायचं आणि कुणाला नाही, एवढंच पट्टीनं ठरवायचं. जे जे येतील त्यांचं दूध एकत्र ओतलं की हवं ते माप तयार. नुसत्या आहे-नाहीमधून दोनशे छप्पन्न पायऱ्या निघतात. पुढे एक छोटा ॲम्प्लिफायर ते दुप्पट करून, पूर्वी काळ्या बटणाकडून व्होल्ट घेणाऱ्या डिमरच्या, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या, कपाटाला देणार.

"आणि पायऱ्या दिसणार नाहीत?" मीटरबाईंनी विचारलं.

"दिवे जुने आहेत. त्यांची तार सावकाश निवते. पायऱ्यांच्या कडा आपोआप झिजतात."

मीटरबाईंनी मान हलवली. जुन्या गोष्टींचे फायदे त्यांना पटवून द्यावे लागत नसत.

प्रश्न होता तो कुठल्या पायरीवर किती थांबायचं याचा. ते मावळतकरांना माहीत नव्हतं, त्यांच्या हाताला माहीत होतं. आणि हाताकडून शिकवायचं तर पट्टी थरथरसुद्धा शिकली असती. मग दोघं गच्चीवर जाऊ लागली. पाच वाजता तारांगण सुटायचं, सहाला ती सतरंजी टाकून बसलेली असत. मधे पांढरी बशी, बशीत बरणीतले सात-आठ रेझिस्टर. मीटरबाई नुसत्या पट्ट्यांकडे बघत. मावळतकरांच्या मांडीवर वही आणि घड्याळ.

"तांबडा गेला," त्या म्हणत. तांबडा सगळ्यांत आधी जातो, उजेड भरपूर असतानाच तो काळा पडायला लागतो. "तपकिरी कुठला नि काळा कुठला, आता कळत नाही." मग बराच वेळ काहीच नाही. समोरच्या इमारतीत कुणीतरी दोरीवरचे कपडे काढायचं, एक बाई बाळाला कडेवर घेऊन फेऱ्या मारायची. "नारिंगी गेला." मावळतकर वेळ लिहायचे, वाकडीतिकडी. "हिरवा आहे अजून. निळा तर आहेच. निळा फार चिवट." शेवटी बशीत नुसते करडे दाणे राहायचे, आणि बशी तेवढी तरंगल्यासारखी दिसायची. तरी कुणी उठायचं नाही. मावळतकरांच्या मनात यायचं, की तीस वर्षं आपण दिवसाला दोन संध्याकाळी केल्या आणि बायकोबरोबर बसून बघितली एकही नाही. लिहून झालं की ते हात शर्टाच्या खिशात घालून बसत, हललेला तिला दिसू नये म्हणून.

आठ संध्याकाळींची सरासरी काढून, खरी चव्वेचाळीस मिनिटं अकरात बसवून, त्यांनी दोनशे छप्पन्न आकडे पट्टीला शिकवले. मग शिडी जोडायला बसले. रेझिस्टर आणायला दुकानात कशाला जायचं? काखेत कळसा आणि गावाला वळसा. खिडकीतल्या बरणीतून त्यांनी पट्टे बघून बघून सोळा तुकडे वेचले. नऊ वीस हजार ओहमचे, सात दहा हजारांचे. बायकोच्या हाताखालून गेलेला माल आपल्या संध्याकाळीला लागणार, या कल्पनेनंच त्यांना भरून आलं होतं. हे काम त्यांनी तिला न सांगता केलं. आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. नवऱ्यांनी बायकांना आश्चर्याचे धक्के देऊ नयेत, त्यात धक्का नेहमी नवऱ्यालाच बसतो.

सोमवारी तारांगण बंद असतं. त्या दिवशी मॅनेजर बाई, तिकीटवाला आणि तारे समजावून सांगणारी निवेदिका, अशी तिघं घुमटाखाली बसली. मावळतकर केबिनमध्ये होते. त्यांनी पट्टीचं बटण दाबलं आणि हात मागे बांधून उभे राहिले. उजेड उतरू लागला. इतका सावकाश, इतका स्थिर, की त्यांना स्वतःचा दहा वर्षांपूर्वीचा हात आठवला. तीन मिनिटं. पाच मिनिटं. खाली निवेदिकेनं डोकं मागे टेकलं.

आणि बरोबर मध्यावर संध्याकाळ मागे फिरली. घुमट चक्क उजळला. किंचितच, पण डोळे अंधाराला सरावत असताना तेवढंही तोंडावर कुणी कंदील धरल्यासारखं वाटलं. मग पुन्हा काही झालंच नाही अशा थाटात उजेड उतरू लागला.

"मावळतकर," तिकीटवाला खालून ओरडला, "सूर्य काहीतरी विसरला वाटतं, परत आला!"

निवेदिका हसली. मॅनेजर बाई हसल्या नाहीत, म्हणून मावळतकरांना ते जास्त लागलं. पुन्हा चालवून पाहिलं. पुन्हा तिथंच. शेवटी बाई जिना चढून आल्या आणि म्हणाल्या, "रविवारी चारचा खेळ. लोकांसमोर. झालं तर दिवे राहतील, नाही तर सोमवारी चित्रवाले येतील. आणि तुम्ही केबिनमध्ये असायचं नाही. तुमच्याशिवाय व्हायला हवं, म्हणून तर हा खटाटोप. खाली बसा."

घरी आल्यावर मावळतकरांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मीटरबाईंनी पाणी दिलं, आणि पेला दोन्ही हातांनी धरून ते प्याले.

"कुठे अडलं?"

"अर्ध्यावर. थोरला निघून जातो आणि त्याच्या जागी खालचे सातजण येतात ना, तिथं. सात जण मिळून थोरल्यापेक्षा एका थेंबानं कमी भरायला हवेत. हे जास्तच भरतात."

"म्हणजे थोरल्याला वाटणीत कमी पडलंय." त्यांनी पिशवीतून शिडी काढली, चष्मा चढवला. एका तुकड्याकडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं. मग खिडकीकडे बघितलं. बरणी वरून उकरलेली दिसत होती.

"अहो, हे बरणीतले?"

"हो. तुझ्या हाताखालचे."

"माझ्या हाताखालचे!" मीटरबाई मटकन खाली बसल्या. "अहो, पास झालेले जगभर गेले. घरी मी आणले ते नापास! एकतीस वर्षांत मी जेवढे नाकारले त्यांची ती बरणी, आणि तुम्ही वेचून वेचून तेच लावलेत?"

मावळतकरांचं तोंड उघडं राहिलं. "पण पट्टे तर बरोबर होते."

"पट्टे काय व्हायचं ठरलं होतं ते सांगतात. काय झालं ते मीटर सांगतो."

मग मीटरबाईंना हसू फुटलं आणि आवरेना. पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. मावळतकर आधी चिडले, मग त्यांनाही हसू आलं, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. ते म्हणाले, "संपलं गं. दुकानातले आणून पुन्हा जोडायला हात कुठाय? हे सोळाच कसे जोडले माझं मला माहीत. चटके बघ."

त्यांनी हात पुढे केला. तो हलत होता. गच्चीवर आठ संध्याकाळी खिशात लपवलेला हात आज टेबलावर उघडा पडला होता. मीटरबाईंनी चटके बघितले. मग उठल्या आणि बरणी आणून टेबलावर पालथी केली. हजारो तुकड्यांचा ढीग सगळीकडे पसरला.

"तुमच्या शिडीला आकडा बरोबर लागतो, की एकमेकांशी जुळलेला लागतो?"

मावळतकरांनी विचार केला. "जुळलेला. दुसरं माप पहिल्याच्या बरोबर दुप्पट हवं. पहिलं कितीही असलं तरी चालतं."

"मग दुसरं माप कशाला? पहिलेच दोन एकापुढे एक जोडले की दुप्पट नाही का होत?"

"होतं. पण एकसारखे पंचवीस लागतील."

"एकसारखे पंचवीस," त्या म्हणाल्या आणि ढिगात बोटं घालून काहीतरी शोधू लागल्या. "लेक दुसरीत असताना एकदा भट्टी जास्त तापली होती. रात्रपाळीवाला झोपला होता मेला. अख्खा घाणा वाया गेला. दहा हजारांचे व्हायचे ते सगळेच्या सगळे पावणेअकराच्या वर गेले. मीच नापास केले, सुपरवायझर केवढा ओरडला होता. अंगावर हे असं गडद, भाजल्यासारखं दिसतं. हे बघा. हा एक. हा एक. नापास झालेले, पण एका घाण्यातले. सगळे सारखेच चुकलेत."

पुढचे चार दिवस स्वयंपाकघराच्या टेबलावर ताटं ठेवायला जागा नव्हती. मावळतकर घरी येत तेव्हा मीटरबाई खिडकीपाशी बसलेल्या असत, मीटरच्या चिमट्यांत तुकडा लटकवून. आकडा थांबेपर्यंत त्या श्वाससुद्धा बाजूला सोडत. दहा हजार आठशे दहा, ठेवला. दहा हजार आठशे बारा, ठेवला. दहा हजार आठशे साठ, गेला. उन्हाचा तुकडा टेबलावरून सरकत जाई, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मावळतकरांनी पूर्वी कधी न पाहिलेलं काहीतरी असे. एकतीस वर्षं ही बाई रोज आठ तास अशी दिसत होती, आणि आपण ते आज बघतोय, असं त्यांना वाटलं. त्यांना स्वतःची लाजही वाटली.

जोडायचं कामही मीटरबाईंनीच केलं. तारांना डाग द्यायची ती सोल्डरिंगची इस्तरी आयुष्यात धरली नव्हती असं त्या म्हणाल्या, आणि इस्तरी नाही, तिला आयर्न म्हणतात, असं मावळतकर म्हणाले. "आधी तार तापव. आता सोल्डर लाव. चांदीसारखं पसरलं की आयर्न उचल. निवू दे. फुंकर मारू नकोस." पहिले तीन डाग ओबडधोबड झाले. चौथा असा झाला की मावळतकर त्याच्याकडे बघतच राहिले.

रविवारी चारच्या खेळाला गर्दी होती. मावळतकरांनी केबिनमध्ये जाऊन पट्टी जोडली, सुरू करायचं बटण मॅनेजर बाईंना दाखवलं आणि जिना उतरले. तीस वर्षांत ते हा जिना खेळ संपल्यावरच उतरले होते. घुमटाखाली आल्यावर त्यांना क्षणभर कळेना कुठे जावं. सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. तिकीटवाल्यानं त्यांच्या खांद्याला धरलं. "तिसरी रांग," तो म्हणाला. "आणि कुठे?"

तिसऱ्या रांगेत कडेला मीटरबाई बसल्या होत्या. शेजारच्या खुर्चीवर पर्स होती. त्यांनी ती उचलून मांडीवर घेतली.

मावळतकर बसले. खुर्चीची गादी शेजारच्या खुर्चीइतकी दबलेली नव्हती.

"एवढी गर्दी आहे," ते हळूच म्हणाले, "आणि तू पर्स ठेवून जागा अडवलीस? आज तरी."

"आजच नाही, येते तेव्हा अडवते," मीटरबाई समोर बघत म्हणाल्या. "तुमची जागा आहे ती. कधीतरी खाली याल म्हणून. तुमच्या तिकीटवाल्याला विचारा, मी दर वेळी दोन तिकिटं काढते. तो एकाचेही पैसे घेत नाही, म्हणून तर भांडण होतं."

दारं लागली. साठ दिवे पांढरेशुभ्र जळत होते.

मग उजेड उतरू लागला. मावळतकर मनात मिनिटं मोजत होते. दोन. तीन. मागे कुणीतरी बोलत होतं, ते कुजबुजायला लागलं. चार. त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर जोरात हलू लागला, आणि या वेळी तो खिशात घालायचं त्यांना सुचलं नाही. मीटरबाईंनी तो आपल्या हातात घेतला. दाबून धरला नाही, थांबवायचा प्रयत्न केला नाही. नुसता घेतला. पाच. आता मध्य येणार. आता थोरला जाणार आणि सातजण येणार. मावळतकरांनी डोळे मिटून घेतले आणि पापण्यांवर उजेड आदळायची वाट बघत राहिले.

"अहो," मीटरबाई कानाशी म्हणाल्या, "डोळे उघडा. तांबडा गेला."

त्यांनी डोळे उघडले. समोरच्या बाईच्या तांबड्या शालीचा रंग गेला होता. मध्य कधीच मागे पडला होता, त्यांना कळलाही नव्हता. घुमट निळसर, खोल होत चालला होता, आणि दीडशे माणसं गप्प होती. थोड्या वेळानं शेजारच्या माणसाचा चेहराही दिसेना. मावळतकर वर बघत बसले. ही त्यांच्या हातची संध्याकाळ नव्हती. ती थोडी सावकाश होती, गच्चीवरच्यासारखी.

मग तो लांब श्वास आला. तीस वर्षं तो त्यांनी वरून, काचेपलीकडून ऐकला होता. आज तो शेजारच्याच खुर्चीतून आला.

वर कुणीतरी पहिला तारा लावला. मावळतकरांचा हात बायकोच्या हातात हलत होता, आणि ती तो हलू देत होती.